फाट्यावरची पुडी

"उठा. हात न टेकता उठा."

आकाराम निकम माझ्या तपासणीच्या खोलीत उकिडवे बसले होते. मीच बसवलं होतं. त्यांनी दोनदा जोर केला, मांड्या लटलट कापल्या, आणि ते मागे भिंतीला टेकले. त्यांची बायको शालन पुढे झाली आणि तिनं त्यांच्या काखेत हात घातला.

"तुम्ही हात लावू नका," मी म्हटलं. "मला बघू दे."

बघण्यासारखं काही राहिलंच नव्हतं म्हणा. माणूस दारातून आत आला तेव्हाच मी मनात निदान करून मोकळी झाले होते. चेहरा गोल सुजलेला, मानेमागे चरबीचा उंचवटा, पोट सुटलेलं आणि हातापायांच्या काड्या. दंडावर निळे डाग. बीपी दोनशेच्या घरात, साखर तीनशेच्या वर. असली दोन तरी माणसं मी दर आठवड्याला बघत होते.

"पुडी कधीपासून खाताय?"

"कसली पुडी?"

झालं. माझं डोकं तिथंच तापलं.

पुडीचं सांगायला हवं. आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर फाट्यावर एक बुवा दर रविवारी बसायचा. गुडघे, कंबर, दमा, सगळ्यावर त्याची एकच राखाडी पुडी. लोकांना वाटायचं जडीबुटी आहे. आत स्टिरॉइडच्या गोळ्या कुटून घातलेल्या असत. आठ दिवसांत म्हातारी टुणटुणीत व्हायची आणि वर्षाच्या आत माझ्याकडे यायची, फुगलेली, हाडं पोकळ झालेली. आणि विचारलं की सगळ्यांचं एकच उत्तर, "आम्ही काय बी खात न्हाई." एक बाई तर कमरेला पुडी खोचून देवाशपथ नाही म्हणत होती. ती तिसऱ्या दिवशी गेली. त्यानंतर मी बाहेरच्या खोलीत रंगाऱ्याकडून पाटीच लिहून घेतली : "फाट्यावरची पुडी खाणाऱ्यांनी आधी कबूल करावे. खोटे बोलणाऱ्यास तपासले जाणार नाही." आमच्या सिस्टर सातपुते म्हणाल्या होत्या, "बाई, जरा सौम्य लिहूया का?" मी म्हटलं, सौम्य लिहून आजवर कुणी ऐकलंय का?

मी तापट आहे. आता वयानं थोडी निवले, पण तेव्हा चाळिशीत होते, तालुक्यात एम.डी. झालेली एकटीच होते, आणि मला गप्प बस म्हणणारं कुणी नव्हतं.

"निकम, हा चेहरा आपोआप असा झाला का?"

"ते तुमीच सांगायचं बाई. म्हणून तर आलो."

"बिडी ओढता?"

"सोडली. सहा वर्षं झाली. खोकला मात्र हाय दोन महिने."

"तो नंतर बघू. पुडीचं बोला."

"बाई, आमचं मालक गोरं हुतं हो," शालन मधेच म्हणाली. "दोन-तीन महिन्यांत असं काळं पडलं. कोइमतूरला सगळी विचारायला लागली, काय झालं म्हणून."

"ऊन लागलं असेल. निकम, शेवटचं विचारते."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. सुजलेल्या पापण्यांमुळे डोळे बारीक झाले होते, पण नजर सरळ होती. "बाई, मी गलाईवाला. तीस वर्षं कोइमतूरला सोनं गाळतोय. दागिना हातात घेऊन टंच सांगायचो, किती सोनं, किती भेसळ. मी सांगितल्यावर सोनार दुसऱ्याला विचारायचे न्हाईत. मी पुडी खाल्लेली न्हाई. फाटा सुद्धा मला ठावं न्हाई, दिवाळीला तर आलोय गावाकडं."

खरं म्हणजे हे ऐकून तरी मी थांबायला हवं होतं. कोइमतूरच्या माणसानं फाट्यावरची पुडी कुठून आणली? पण पुड्या पोस्टानं सुद्धा जातात हे मला माहीत होतं, आणि प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर तयार होतं.

मी केसपेपर टेबलावर आपटला. "बाहेर जाऊन बसा. आठवलं की आत या."

ते भिंत धरून उठले आणि गेले. बाहेर पंधरा-वीस माणसं होती आणि दार उघडंच होतं. सगळ्यांनी ऐकलं असणार.

तासाभरानं शालन एकटीच आत आली. पदर तोंडाशी. दार तिनं आपणच लावून घेतलं.

"बाई, ते खरंच खात न्हाईत. म्या देते."

"म्हणजे?"

"च्यातनं देते. त्यास्नी ठावं न्हाई. कंबर दुखायची त्यांची, म्हणून एका बाईकडनं मागवल्या. तुमी त्यास्नी सांगू नगा, पर तपासा. तुमच्या पाया पडते."

आता लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच सांगते : मला आनंद झाला. माझं बरोबर निघालं होतं. मी त्याच आनंदात दार उघडलं आणि निकमांना आत बोलावलं.

"तुम्ही खोटं बोलत नव्हता, निकम. मी माफी मागते," मी म्हटलं. वर हसलेही. "तुमच्या मंडळींना विचारा चहात काय घालतात ते."

शालननं माझ्याकडे असं बघितलं की मी नजर केसपेपरवर नेली. निकमांनी बायकोकडे एकदाच बघितलं. मग मला म्हणाले, "लिहा बाई औषध."

मी लिहिलं. बीपीची गोळी, साखरेची गोळी, अशक्तपणासाठी पोटॅशियमचं औषध. शिवाय स्टिरॉइड. हो, स्टिरॉइडच. पुडी एकदम तोडली तर माणूस कोसळतो, म्हणून आम्ही तेच औषध बारीक मात्रेत देतो आणि दर आठवड्याला कमी करत नेतो. पुस्तकात तसंच आहे. रक्ताची एक तपासणी होती, शरीरात स्वतःचं संप्रेरक किती बनतंय ते कळणारी. ती मिरजेला पाठवावी लागे. मी म्हटलं, कबुली आहे की हातात, तपासणी कशाला?

संक्रांत झाल्यावर ते पुन्हा आले. या वेळी बरोबर धाकटा भाऊ धोंडीराम होता. शालन नव्हती.

"बरं वाटतंय का?"

"न्हाई. उलट मान सुद्धा जड झालीय."

"घरात आता काही मिळत नाही ना चहातून?"

"तिच्या हातचा च्या मी त्या दिसापासनं घेतलेला न्हाई," ते म्हणाले. अगदी सरळ, हवापाण्याचं बोलावं तसं. "जेवायला बी धोंडीकडंच असतो. पंचवीस वर्षं तिच्या हातचं खाल्लं, आता घास उतरत न्हाई."

मी मान हलवली. "चांगलं करताय," मी म्हटलं.

चांगलं करताय! हे माझे शब्द. ते जाताना मी धोंडीरामला मागे थांबवून सांगितलं, "वहिनींवर लक्ष ठेवा. सूज उतरत नाही म्हणजे कुठून तरी जातंय पोटात." तो म्हणाला, "बघतो बाई." त्यानं काय बघितलं आणि घरात काय काय झालं, ते मी विचारलं नाही.

होळीच्या आदल्या दिवशी त्यांना बैलगाडीच्या फळीवर निजवून आणलं. हात उचलत नव्हते. खोकल्यात रक्ताची रेघ होती. पोटॅशियम इतकं खाली की हृदय कधी बंद पडेल सांगता येत नव्हतं. माझ्या दवाखान्यात ते झेपणारं नव्हतं. मिरजेला माझे सर होते, डॉक्टर कुरुंदवाडे; त्यांच्या नावानं मी चिठ्ठी लिहिली. चिठ्ठीत लिहिलं, "पत्नी चहातून स्टिरॉइडच्या पुड्या देत असे. अजूनही चोरून देत असावी." आणि खाली सही ठोकली.

तिसऱ्या दिवशी दुपारी सरांचा फोन आला.

"पद्मजा, तुझा निकम बघितला. गोळ्या-पुड्या खाऊन फुगलेला माणूस काळा पडतो का गं?"

एम.डी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या पोरीलाही येईल असा प्रश्न. बाहेरून स्टिरॉइड गेलं की मेंदूतल्या ग्रंथीचा हुकूम बंद होतो, आणि माणूस पांढुरका पडतो. काळा पडतो तो उलट असतं तेव्हा, हुकूम सोडणारं संप्रेरक रक्तात उतू जात असतं तेव्हा.

"नाही पडत, सर."

"मग? छातीचा फोटो काढला होतास?"

"नाही."

"मी काढला. उजव्या फुफ्फुसाच्या मुळाशी गाठ आहे. लहान पेशींचा कॅन्सर. ती गाठच ते संप्रेरक बनवतेय आणि मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींना रात्रंदिवस कामाला लावतेय. चेहरा, साखर, पोटॅशियम, सगळं तिथूनच. आता यकृतातही गेलंय."

"दिवाळीनंतर लगेच पाठवला असता तर, सर?"

"बरा झाला असता असं नाही म्हणणार. पण गाठ एका बाजूलाच, छातीपुरती असती कदाचित. औषधं झेपली असती, वर्ष-दीड वर्ष हिंडता-फिरता राहिला असता. आता सुई टोचली तरी जंतू शिरतायत. आणि हे बघ, पुड्यांचं तुला कुणी सांगितलं? रक्तात बघितलं तर त्याचं स्वतःचंच संप्रेरक दहापट आहे. त्याला पुड्यांची गरजच नव्हती."

मी त्याच संध्याकाळच्या एस.टी.नं मिरजेला गेले. निघण्याआधी सिस्टर सातपुतेंना पाटी उतरवायला सांगितली. त्यांनी का म्हणून विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

शालन वॉर्डबाहेर बाकड्यावर बसली होती. वॉर्डमध्ये धोंडीराम होता, म्हणून ही बाहेर. मला बघून उठून उभी राहिली.

"तुम्ही चहात काही घालत नव्हता?"

तिनं नाही म्हणून मान हलवली.

"मग तसं का सांगितलंत?"

"त्या दिवशी बाहेर एक म्हातारी बसलेली. ती म्हणली, पोरी, बाईंस्नी हो म्हण, मग बघत्यात. न्हाई म्हणलं की हाकलत्यात. समदी असंच करत्यात म्हणली." ती अगदी हळू बोलत होती. "मालकांच्या तोंडनं तर हो आलं नसतं. मेलं तरी आलं नसतं. म्हणून म्या माझ्या तोंडनं म्हणलं. त्यांचा शब्द बी राहील आन तुमी बी तपासाल."

"मग त्यांना तरी नंतर खरं सांगायचं!"

"सांगितलं असतं तर ते तडक तुमच्यासमोर येऊन उभं राहिलं असतं. मग तुमी औषध बंद केलं असतं."

समदी असंच करत्यात. म्हणजे गेली दोन-तीन वर्षं माझ्या केसपेपरांवर ज्या कबुल्या होत्या, त्यातल्या किती खऱ्या, देव जाणे. मी तिच्या शेजारी बाकड्यावर बसले. तिला वाटलं मला चक्कर आली. ती पदरानं वारा घालायला लागली.

आत निकम उशीला टेकून पडले होते. धोंडीराम बाहेर गेला. मी खुर्ची ओढली आणि गाठीचं सांगितलं. फुफ्फुसात आहे, तीच सगळं करत होती. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"मंजी पुडी नव्हतीच."

"नव्हती."

"च्यात काय नव्हतं?"

"काही नव्हतं, निकम."

त्यांनी डोळे मिटले. गालावरून पाणी आलं ते पुसायला हात वर जात नव्हता, तर मी पुसलं. मग म्हणाले, "इतकी माणसं तपासता बाई तुमी. माझाच टंच कसा काय चुकला?" रागानं नव्हे. खरोखर कळून घ्यायचं होतं त्यांना.

मी म्हटलं, "चुकला खरा."

"आन ती का म्हणली तसं?"

"घाबरल्या असतील."

"कशाला?"

इथं मला सांगता आलं असतं. मला घाबरल्या, मी तुम्हाला बाहेर काढलं म्हणून. एवढंच वाक्य होतं. समोर मरणारा माणूस होता आणि खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

"तुमच्या आजाराला," मी म्हटलं.

त्यांनी शालनला आत बोलवायला सांगितलं. मी दारातून मागे बघितलं तेव्हा ते तिला म्हणत होते, "कुठं मिळाला तर च्या आण. तूच आण." ती धावत गेली.

ते बारा दिवस जगले.

दहाव्याच्या विधीला मी त्यांच्या घरी गेले. मनाशी पक्कं ठरवून गेले होते, सगळ्यांसमोर सांगायचं. शब्दसुद्धा जुळवले होते. ओट्यावर भावकीतली पंचवीस-तीस माणसं बसली होती. त्यातली निम्मी माझीच पेशंट. मला बघून जागा केली, कुणी तरी सतरंजी झटकली, कुणी पाणी आणलं. शालन आतल्या उंबऱ्याशी खाली मान घालून बसली होती. तिच्याजवळ एकही बाई नव्हती.

धोंडीरामच्या हातात मिरजेची फाईल होती.

"बाई, बरं झालं तुमी आला. ह्या कागदावर लिहिलंय, बायकोनं पुड्या दिल्या. ते मोठे डॉक्टर म्हणत्यात, पुड्या नव्हत्याच. मग वहिनीनं तुमाला खोटं सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं, पण..."

"बास. त्या खोट्यापायी चार महिने गेले. माझ्या भावाला तिनं मारलं. आमी आपसात कितीबी बोललो तरी कुणाला पटत न्हाई, तुमच्या तोंडनं ऐकू द्या समद्यास्नी."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी निकमांना विचारलं होतं आणि त्यांनी पहिल्याच मिनिटाला खरं सांगितलं होतं. मीच ते घेतलं नाही. हे म्हणायचं होतं, आणि त्यानंतर उद्या याच माणसांपुढे दवाखाना उघडून बसायचं होतं.

तेवढ्यात शालननंच मान वर केली. "बाई," ती म्हणाली, "म्या खोटं बोलले नसते तर मालक वाचलं असतं का हो?"

तिला माझ्याकडून उत्तर हवं होतं. दुसऱ्या कुणावर तिचा विश्वासच नव्हता.

"डॉक्टरला नेहमी खरं सांगावं," मी म्हटलं.

एवढंच बोलले. ओट्यावर कुणी तरी "बघा" म्हणालं. शालननं हळूहळू मान हलवली, समजल्यासारखी, आणि पदर तोंडावर ओढून घेतला. मी पाणी प्यायले आणि उठून आले. आज पंचवीस वर्षं झाली, पण ते वाक्य मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं, माझ्याच आवाजात.

पुढं भावकीनं तिला वेगळं टाकलं. ती माहेरच्या गल्लीत एका खोलीत राहायला आली, लोकांच्या शेवया-पापड करून देऊ लागली. मला हे सिस्टर सातपुतेंकडून कळायचं. मी कितीदा म्हटलं, जाऊन येऊ, आणि गेले नाही.

वर्षभरानं एका बुधवारी मी आत पेशंट तपासत होते. बाहेरून ओळखीचा आवाज आला. शालन बीपी बघायला आली होती. शेजारी एक नवी सून सासूला घेऊन बसली होती, तिला ती समजावत होती. समजावणं कसलं, सगळ्या खोलीलाच ऐकू जात होतं.

"बाईंस्नी सगळं खरं सांग हं पोरी. लई हुशार हायेत बाई. म्या त्यांच्याशी खोटं बोलले, आन माझं कुकू गेलं. त्यांचा काय दोष न्हाई. त्या तर बिचाऱ्या मिरजेला सुद्धा धावत आल्या. माझ्याच जिभेनं मारलं मालकांस्नी."

"अगं बाई!" ती सून म्हणाली.

"म्हणून सांगते. दर बुधवारी येते आन जी नवी दिसंल तिला सांगते. तेवढंच पुण्य."

मी खुर्चीतून उठले. दारापर्यंत गेले, पडदा बाजूला केला. बायका उठून उभ्या राहिल्या. शालनही उठली, हात जोडले आणि माझ्याकडे बघून हसली.

सगळ्या मी काय म्हणते म्हणून थांबल्या होत्या.

"पुढचा नंबर कुणाचा?" मी विचारलं.